सीएंचा ताळेबंद झाला, आता तुमचा स्वतःचा

एप्रिल-मे आला की वाचकांच्या प्रश्नांना एकच वळण लागतं. ‘उलाढाल पंचेचाळीस लाखांवरून साठ लाखांवर गेली, पण खात्यात पैसा दिसत नाही.’ ‘सीए म्हणतात सात लाखांवर नफा झाला. मग तो आहे कुठे?’ ‘धंद्याला सहा वर्षं झाली. पुढे सरकतोय की जागच्या जागी फिरतोय, हेच कळेना.’ विचारणारे सगळ्या तऱ्हेचे असतात. कुणाचं एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेड असतं, कुणी घरून मसाले विकतं, कुणी चार मुलं हाताशी घेऊन वेबसाइट करून देतं.

या सगळ्यांचा घोटाळा एकाच ठिकाणी होतो. धंद्याचं वर्ष आणि तुमचं वर्ष ते एकाच आकड्यात मोजू पाहतात. धंद्याचं वर्ष मोजायला सीए आहेत, टॅली आहे, जीएसटी पोर्टल आहे. तुम्ही उद्योजक म्हणून या वर्षात किती वाढलात, हे मात्र कुठल्याच पत्रकात येत नाही. नोकरदाराला निदान वर्षातून एकदा साहेब समोर बसवून चार गोष्टी ऐकवतो, चुकीच्या का असेनात. मालकाला ऐकवणारं कोणी नसतं. ते काम स्वतःचं स्वतःच करावं लागतं, आणि त्यासाठी आधी आकडे, मग तुम्ही, हा क्रम पाळावा लागतो.

पुढचं सगळं एकट्याच्या मालकीच्या किंवा घरच्या भागीदारीतल्या, दोन ते पंधरा माणसांच्या धंद्याला धरून लिहिलं आहे.

कधी बसायचं आणि काय घेऊन

दिवाळीच्या पाडव्याला वह्यांची पूजा करून मागच्या वर्षाचा विचार करण्याची आपली जुनी रीत चांगलीच आहे. पण दिवाळीत गिऱ्हाईक दारात असतं, डोकं ठिकाणावर नसतं. शिवाय हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. दुसऱ्या टोकाला, सीए विवरणपत्र भरतील तेव्हा बघू म्हणाल तर जुलै किंवा त्याहूनही पुढची तारीख उजाडते, आणि नव्या वर्षाचा तिसरा हिस्सा तेव्हा हातचा गेलेला असतो.

सोयीचा दिवस म्हणजे २० एप्रिलनंतरची पहिली सुट्टी. मार्चची विक्री जीएसटीआर-१ मध्ये ११ एप्रिलपर्यंत गेलेली असते, ३बी २० तारखेपर्यंत. तिमाही विवरण भरणाऱ्यांचं दोन दिवस पुढेमागे. म्हणजे विक्री-खरेदीचे आकडे बऱ्यापैकी पक्के झालेले असतात. दोन बैठका करा. पहिली आकड्यांची, दुसरी तुमची. दोन्ही दुकानात किंवा शेडवर नकोत. तिथे बसलात की अर्ध्या तासात कोणीतरी चावी मागायला येतं.

पहिल्या बैठकीला हे कागद लागतील:

- या आणि मागच्या वर्षाचं नफातोटा पत्रक आणि ताळेबंद. यंदाचा पक्का नसेल तर टॅलीतला ट्रायल बॅलन्सही चालेल.
- ३१ मार्चची येण्याची आणि देण्याची यादी, प्रत्येक बिल किती दिवसांचं जुनं आहे त्यासह.
- ३१ मार्चचा मालसाठा, हाताने मोजलेला. अंदाजे टाकलेला आकडा असेल तर तुमचा नफाही अंदाजेच आहे हे धरून चाला.
- कर्जाच्या हप्त्यांचं विवरण, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारं.
- वर्षभरात दिलेली कोटेशनं. मिळालेलीही आणि हुकलेलीही.

हुकलेली कोटेशनं बहुतेक जण ठेवतच नाहीत. या वर्षीपासून ठेवा; त्यांचं काम पुढे येतंच.

नफा दिसतो, पैसा दिसत नाही: तो जातो कुठे?

वर्षाच्या आढाव्यात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. समजा, एका फॅब्रिकेशन युनिटची विक्री ४५ लाखांवरून ६० लाखांवर गेली आणि पत्रकावर ७ लाख २० हजार नफा आला. बँकेतली शिल्लक मात्र मागच्या मार्चला होती तेवढीच. मालकाला वाटतं, कोणीतरी गल्ल्यात हात घालतंय. तसं काही झालेलं नसतं. पैसा पुढच्या वाटांनी गेलेला असतो:

- उधारीत: गिऱ्हाइकांकडची येणी ६ लाखांची १२ लाख झाली. अडकले ६ लाख.
- मालात: पत्रा, पाइप, अर्धवट जॉब धरून साठा दीड लाखाने वाढला.
- कर्जाच्या मुद्दलात: वर्षात २ लाख ४० हजार फेडले. नफातोटा पत्रकात फक्त व्याज खर्च म्हणून दिसतं, मुद्दल दिसत नाही.
- घरी: महिन्याला ४० हजार उचल, म्हणजे ४ लाख ८० हजार. मालकाच्या धंद्यात ही उचल खर्चात धरली जात नाही.

एकूण गेले १४ लाख ७० हजार. आले कुठून? नफा ७ लाख २० हजार. घसारा १ लाख, कारण तो खर्च म्हणून लिहिला तरी खिशातून जात नाही. उरलेले साडेसहा लाख आले पत्रेवाल्याची देणी ३ लाखांनी वाढवून आणि कॅश क्रेडिटमधून साडेतीन लाख जास्त उचलून.

आता हेच उलटं वाचून बघा. विक्री १५ लाखांनी वाढली, त्यातले ६ लाख अजून गिऱ्हाइकाच्या खिशात आहेत, आणि ती पोकळी बँकेच्या आणि पत्रेवाल्याच्या पैशाने भरली आहे. या मालकाने वर्षभर धंदा वाढवला हे खरं. पण त्याने गिऱ्हाइकाला बिनव्याजी कर्ज वाटलं, तेही स्वतः व्याजाने पैसे आणून, हेही तेवढंच खरं.

तुमचे आकडे असेच एका कागदावर मांडा. मागच्या मार्चचा ताळेबंद डावीकडे, यंदाचा उजवीकडे, आणि प्रत्येक ओळीतला फरक मध्ये. जमलं नाही तर सीएंकडून तासभर मागून घ्या आणि ‘रोख प्रवाह समजावून सांगा’ म्हणा.

सोबत उधारीचे दिवस काढा. येणी भागिले विक्री गुणिले ३६५. वरच्या युनिटचे मागच्या वर्षी साधारण ४९ दिवस होते, यंदा ७३. टॅलीतली येणी जीएसटीसह असतात आणि विक्री बहुधा जीएसटी वगळून. दोन्ही एकाच पद्धतीने घ्या, नाहीतर आकडा फुगतो. सगळ्या पत्रकांतून एकच आकडा भिंतीवर लावायचा झाला तर मी हा लावायला सांगेन. उलाढालीचा लावू नका.

मालकाचा पगार धरलात का?

आता त्याच ७ लाख २० हजारांकडे दुसऱ्या बाजूने बघा. तुमच्या जागी बाहेरचा माणूस ठेवला असता तर? सुपरवायझर-कम-मार्केटिंगवाला महिना ३५ हजारांखाली मिळणार नाही, वर्षाचे झाले ४ लाख २० हजार. बिलं आणि जीएसटीची कामं घरातल्या वहिनी सांभाळतात. त्या कामाला अर्धवेळ माणूस महिना १२ हजार घेईल, वर्षाला १ लाख ४४ हजार. शेड वडिलांच्या नावावर आहे म्हणून भाडं नाही. बाजारभावाने महिना १० हजार धरा, १ लाख २० हजार. घरचे ५ लाख धंद्यात घातले आहेत. ते सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर ३५ हजार व्याज आलं असतं.

बेरीज ७ लाख १९ हजार. धंद्याने स्वतःच्या ताकदीवर वर्षभरात कमावलं १ हजार रुपये.

हा हिशेब आयकरासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तो बघून खचून जायचं कारण नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं बहुतेक धंदे मालकाच्या फुकट कष्टावरच चालतात. सहाव्या वर्षीही तसंच असेल, तर मात्र कारण बहुतेक वेळा रेटमध्ये असतं. कोटेशन काढताना स्वतःचे तास, घरच्यांचे तास आणि जागा शून्य रुपयांनी धरलेली असते. वहिनींच्या कामाला पगार न लावणं ही तर आपल्याकडची सर्रास पद्धत. त्यांना विचारूनही बघा. वर्षाचा आढावा त्यांच्याकडूनच सर्वांत खरा मिळेल.

अडकलेली उधारी: कायद्याने तुमच्या हातात काय आहे?

‘मोठी पार्टी आहे, तगादा लावला तर काम जाईल,’ ही भीती खरी आहे. पण हक्क माहीत नसल्याने गप्प बसणं वेगळं, आणि माहीत असून कधी वापरायचा ते ठरवणं वेगळं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात उशिरा मिळणाऱ्या पैशासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत:

- लेखी करार नसेल तर माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस छापलेले असले तरी ४५.
- मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदाराने ती १५ दिवसांत लेखी कळवायची असते. सहा महिन्यांनी पैसे मागितल्यावर ‘क्वालिटी बरोबर नव्हती’ हे उत्तर म्हणून चालत नाही.
- उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देणं लागतं. बँक रेट साडेपाच टक्के असेल तर व्याज साडेसोळा टक्के.
- तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. ती सुकरीकरण परिषदेकडे जाते. आधी समेटाचा प्रयत्न, मग लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चला.
- निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

यासाठी तुमचा उपक्रम सूक्ष्म किंवा लघु वर्गात हवा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटी. वाचकांपैकी जवळजवळ सगळेच यात बसतात. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार आणि पॅनवर स्वतःच होते; दोन हजार रुपये घेऊन ‘सरकारी सर्टिफिकेट’ देणाऱ्या साइटपासून दूर राहा. नोंदणी माल पुरवण्याआधीची असावी. आधी माल, मग भांडण, मग नोंदणी, असं केल्यास दावा लटकतो. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

दोन अपवाद लक्षात असू द्या. मध्यम वर्गाला ही तरतूद लागू नाही. आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. उशिराच्या पैशावरचं हे संरक्षण त्यांना नाही.

आयकराचा काच खरेदीदाराला जास्त लागतो. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल वर्षअखेरीस मुदत उलटून थकलेलं असेल, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा मिळत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये वसुलीला जोर आणता येतो. काही खरेदीदार उलट तुम्हालाच ‘उद्यम नोंदणी रद्द करा’ म्हणतात. तसं करू नका. ती पार्टी पुढे पैसे कसे देणार, हे तिने आत्ताच सांगून टाकलं आहे.

आढाव्याच्या दिवशी थकीत बिलांचे तीन गठ्ठे करा:

1. ४५ दिवसांच्या आतली. इथे फक्त आठवण करून द्या.
2. ४५ दिवस ते वर्षभर. खातेउतारा पाठवून ३१ मार्चची बाकी सही-शिक्क्यानिशी कबूल करून घ्या. मग पत्र, पत्रात कायद्याचा उल्लेख, आणि दोन आठवड्यांची मुदत.
3. वर्षावरची. इथे ठरवायचं, परिषदेकडे तक्रार करायची की बुडीत लिहायचं. पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने मोजली जाते, म्हणून ती सही महत्त्वाची.

पहिल्याच महिन्यात तक्रार करून चांगली पार्टी तोडू नका, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ‘देतो म्हणालेत’ यावर बसून राहू नका. नवा माल थांबवणं हेही एक हत्यारच आहे, आणि ते वापरायला कुठलं पोर्टल लागत नाही.

स्वतःच्या देण्यांकडेही याच डोळ्यांनी बघा. पुरवठादाराचं बिल १८० दिवसांत भरलं नाही तर त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आणि एखाद्या पुरवठादाराने बिल चढवलंच नसेल तर ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसणार नाही. मागच्या वर्षाचं असं क्रेडिट सोडवून घ्यायला साधारण ३० नोव्हेंबरपर्यंतच वेळ असतो. कुठल्या पुरवठादारामुळे किती क्रेडिट अडकलं याची यादी काढलीत, की कोणाकडून खरेदी थांबवायची ते आपोआप ठरतं.

दुसरी बैठक: तुमचं वर्ष

आकडे संपले. आता मालक म्हणून तुम्ही काय झालात ते बघायचं. इथे ‘यंदा मी खूप शिकलो’ हे वाक्य लिहायला बंदी. त्याऐवजी पुरावा शोधा. तो चार ठिकाणी सापडतो.

फोन. गणपतीला गावी गेलात, लग्नाला गेलात, आजारी पडलात, तेव्हा मागून फोन कशासाठी आले? आठवून लिहून काढा. रेट विचारायला, चेकवर सही हवी म्हणून, मशीन बंद पडलं म्हणून, पार्टी चिडली म्हणून. मागच्या वर्षी जे फोन यायचे त्यातले कुठले यंदा आले नाहीत? जे थांबले तेवढे तुम्ही वाढलात. जे अजून येतात ती तुमची पुढच्या वर्षाची कामांची यादी. रेटचे फोन थांबवायचे असतील तर छापील दरपत्रक आणि ‘पाच टक्क्यांपर्यंत सूट तू दे’ एवढा अधिकार पुरतो. मशीनचे थांबवायचे तर देखभालीचा तक्ता आणि मेकॅनिकचा नंबर भिंतीवर लागतो. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणूनच वर्षानुवर्षं राहतं.

कोटेशन. तीन वर्षांपूर्वीचं आणि यंदाचं एक-एक शेजारी ठेवा. पूर्वी एका ओळीत ‘गेट, रु. ४२,०००’ असेल. आता माप, गेज, रंगाचे कोट, वाहतूक कोणाची, ॲडव्हान्स किती, रेट किती दिवस वैध, हे सगळं आहे का? उद्योजकाचं डोकं कसं वाढलं ते त्याच्या कोटेशनवर वाचता येतं. मग हुकलेली कोटेशनं काढा. रेटमुळे गेली, उशिरा पाठवल्यामुळे गेली, की पुन्हा फोनच केला नाही म्हणून? तिसरं कारण निघण्याची शक्यता मोठी आहे. आणि दहापैकी नऊ कोटेशनं मंजूर होत असतील तर खूश होऊ नका. रेट कमी पडतोय.

नाही म्हटलेलं काम. यंदा कुठल्या कामाला नकार दिलात? एकही आठवत नसेल तर थोडं थांबा. आपल्याकडे ‘आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही’ हे इतकं अंगात भिनलेलं असतं, की तोट्याचं कामही ओळख टिकावी म्हणून घेतलं जातं. एका यादीत वर्षातली पाच मोठी कामं लिहा आणि प्रत्येकात माल, मजुरी, रीवर्क आणि पैसे मिळायला लागलेले दिवस टाका. बहुधा सर्वांत मोठ्या पार्टीचं काम सर्वांत कमी पैसे देऊन जातं. एकाच पार्टीकडून निम्म्याच्या वर धंदा येत असेल तर तुम्ही तिचे पुरवठादार राहिला नाहीत, पगार न घेणारे नोकर झालात.

शिक्षण. प्रमाणपत्रं मोजू नका. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं प्रशिक्षण असो, पुण्यातल्या मराठा चेंबरची कार्यशाळा असो, की उद्योजकांच्या सॅटर्डे क्लबच्या बैठका असोत, प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहा: यामुळे धंद्यात काय बदललं? जीएसटीचं २बी स्वतः जुळवायला शिकलात, हे शिक्षण. कामगाराचं गाऱ्हाणं मध्ये न बोलता ऐकून घेता यायला लागलं, हेही शिक्षण, आणि पहिल्यापेक्षा अवघड. क्लबातल्या ओळखी किती वाढल्या यापेक्षा त्यातून किती कामं आली आणि किती कामं तुम्ही दुसऱ्यांना मिळवून दिलीत, ते बघा. दोन्ही खाती शून्य असतील तर यंदाची वर्गणी भरण्याआधी विचार करा.

इथे पाय घसरतो

- शेजारच्या शेडशी तुलना. त्याचं कर्ज, त्याची सासरची जागा, त्याची उधारी तुम्हाला दिसत नाही. दिसते फक्त नवी गाडी.
- नव्या यंत्राला प्रगती समजणं. यंत्र दिवसाचे किती तास चालतं ते आधी मोजा.
- फॉलोअर वाढले म्हणून धंदा वाढला असं धरणं. मेसेज किती आले आणि त्यातल्या किती जणांनी पैसे भरले, हे दोनच आकडे घ्या.
- ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्यांचा एक खास घोळ: तो कागदावरचा टक्काच आपला खरा नफा मानणं. ती कराची सोय आहे. घरासाठी हिशेब खरा ठेवा.
- आढावा घेतल्या घेतल्या दहा संकल्प सोडणं. तीन पुरेत, आणि प्रत्येकापुढे तारीख.

सीएंना आणि बँकेला काय विचाराल

सीएंकडे बहुतेक जण फक्त ‘कर किती बसेल’ विचारतात. उत्तरही तेवढंच मिळतं. यंदा एवढं जास्त विचारा:

- पुढच्या वर्षी कंपोझिशन, तिमाही की मासिक, यातलं जीएसटीचं काय परवडेल? कंपोझिशन निवडायची असेल तर अर्ज वर्ष सुरू होण्याआधी करावा लागतो, म्हणून हा प्रश्न मार्चमध्येच विचारलेला बरा.
- अग्रिम कराचे हप्ते माझ्या रोकड प्रवाहात कसे बसवू? साधारण तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. अनुमानित पद्धतीवाल्यांना सगळा कर एकदम १५ मार्चपर्यंत.
- घरातल्या माणसाला पगार दाखवायचा तर नियमात कसा बसेल?
- १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने माझ्या बाबतीत काय बदललं? कलमांचे क्रमांक बदलले आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या क्रमांकांवरून निर्णय घेऊ नका.

बँकेकडून वर्षातून एकदा सगळ्या शुल्कांचा तपशील मागा: प्रक्रिया शुल्क, तपासणी शुल्क, नूतनीकरण, विमा. विमा विचारून लावला होता का तेही बघा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो काढून फेडलेली कर्जं अजून चालू दिसत नाहीत ना, ते तपासा. कर्ज १ जानेवारी २०२६ रोजी किंवा नंतर मंजूर अथवा नूतनीकृत झालं असेल आणि व्याजदर बदलता असेल, तर सूक्ष्म आणि लघु उपक्रमांना मुदतीआधी फेडीचं शुल्क बहुतेक व्यापारी बँका लावू शकत नाहीत. काही लहान बँका आणि वित्तसंस्थांना ही सूट ठरावीक रकमेपर्यंतच लागू आहे, म्हणून मंजुरीपत्र वाचा. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

मग करायचं काय? चार वाटा

दोन्ही बैठकांचा कागद समोर असताना वाट निवडा. ‘अजून थोडं बघू’ ही पाचवी वाट नेहमी मोकळी असते. तिच्यापुढे निदान तारीख लिहा.

वाढवा, जर मालकाचा पगार धरूनही नफा उरत असेल, उधारीचे दिवस स्थिर किंवा कमी असतील, आणि फोन कमी झाले असतील. तिन्ही हवेत. पहिले दोन असून तिसरं नसेल तर वाढ तुमच्या तब्येतीतून जाईल.

आहे तिथेच थांबून घडी बसवा, जर विक्री वाढली पण पैसा बाहेर अडकला असेल. वरचं फॅब्रिकेशन युनिट याच वर्गात येतं. एक वर्ष नवी पार्टी नको, ॲडव्हान्सशिवाय काम नको, उधारी ७३ दिवसांवरून ५० वर. ६० लाखांच्या विक्रीवर हे २३ दिवस म्हणजे सुमारे पावणेचार लाख रुपये. जवळजवळ तेवढंच कॅश क्रेडिट त्या युनिटने वर्षभरात वाढवलं होतं.

छाटा, जर तीन मालांपैकी एकच पैसे देत असेल. मसाल्याच्या धंद्यात वीस प्रकार ठेवून चौदा पडून राहतात, हे ज्याचा त्याला माहीत असतं. बंद करायला मन होत नाही.

बंद करा, जर सलग दोन-तीन वर्षं मालकाचा पगारही सुटत नसेल आणि रेट वाढवायला बाजार तयार नसेल. याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही, त्यामुळे लोक नुसतं शटर ओढतात आणि कागद तसेच राहतात. मग विवरणपत्रांचे विलंब शुल्क आणि नोटिसा येत राहतात. रीतसर बंद करायचं तर क्रम साधारण असा ठेवा:

1. येणी वसूल करा आणि कामगारांचे हिशेब पावती घेऊन चुकते करा.
2. जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आरईजी-१६ भरा. उरलेल्या मालावरचं क्रेडिट परत करावं लागतं, तो आकडा आधी काढून ठेवा.
3. नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र जीएसटीआर-१० भरा. हे राहून जाणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.
4. व्यवसाय कराचं नोंदणीपत्र रद्द करून घ्या, नाहीतर वर्षाच्या २,५०० रुपयांची मागणी चालूच राहते.
5. दुकाने व आस्थापना कार्यालयाला कळवा, उद्यम नोंदणी रद्द करा, धंद्यासाठी घेतलेले इतर परवाने परत करा.
6. कर्ज फेडून ना-हरकत पत्र आणि तारणाचे मूळ कागद ताब्यात घ्या. चालू खातं सर्वांत शेवटी बंद करा, कारण जीएसटीचा किंवा आयकराचा परतावा त्याच खात्यात येतो.

हिशेबाच्या वह्या आणि बिलं मात्र रद्दीत घालू नका. जीएसटीसाठी ती त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून सहा वर्षं जपावी लागतात, धंदा चालू असो वा बंद.